रात्र कशानं मोडते? मधुमेहींच्या झोपेविषयी

मधुमेहाच्या तपासणीला गेलेल्या माणसाचं डॉक्टरांशी बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, गोळ्या, पथ्य. कागद घडी करून पिशवीत टाकताना, अगदी दारापाशी पोचल्यावर तो म्हणतो, "आणि डॉक्टर, रात्री झोप नाही हो लागत." तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. मुरुडला काय नि मुंबईला काय, झोपेची तक्रार अशी शेवटी, उभ्या उभ्या सांगितली जाते. ती आधी सांगायला हवी, बसून सांगायला हवी. आणि नुसतं "झोप लागत नाही" एवढ्यावर न थांबता रात्री किती वाजता, कशामुळे जाग येते, हे सांगायला हवं.

कारण मधुमेह असलेल्या माणसाची झोप मोडणाऱ्या गोष्टी अनेक आहेत आणि प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. साखर फार चढली तरी झोप मोडते, फार उतरली तरी मोडते. पायांची आग होते, झोपेत श्वास अडतो, एखाद्या औषधाची वेळ चुकीची असते, मनाला घोर लागलेला असतो. या सगळ्यांवर एकच झोपेची गोळी घेणं निरुपयोगी आहे, आणि काही जणांच्या बाबतीत धोक्याचंही.

झोप बिघडली की साखरही बिघडते, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना कोणी सांगितलेलं असतं. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानं त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद ठळकपणे कमी झाली. मधुमेह नसलेल्या तरुणांची ही गत. ज्यांना आधीच मधुमेह आहे, जे भात मोजून खातात, रोज समुद्रावर फेरी मारतात, गोळ्या चुकवत नाहीत आणि तरीही ज्यांची सकाळची साखर खाली येत नाही, त्यांनी आपल्या रात्रीकडे एकदा नीट बघावं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर गेला आहे. त्यातल्या कितीतरी घरांत रात्री एक दिवा उगाच लागत-विझत असणार.

सुरुवात स्वस्त आहे. उशाशी एक वही आणि पेन ठेवा. सलग पाच-सहा रात्री लिहा: किती वाजता जेवलो, किती वाजता आडवे झालो, जाग कितीला आली, कशामुळे आली, सकाळी उठताना कसं वाटलं. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारून त्याचं म्हणणंही लिहा, कारण घोरणं आणि पाय झाडणं आपलं आपल्याला कळत नाही. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर दोन मिनिटांत जे कळेल ते एरवी दहा भेटींत कळणार नाही.

लघवीसाठी उठणं

"आता वय झालं, दोन-तीनदा उठावं लागतंच," असं म्हणून लोक हे सोडून देतात. सोडू नका. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त, म्हणून पुन्हा पाणी, पुन्हा उठणं. अशा माणसानं पाणी तोडण्यात अर्थ नाही, साखर खाली आणली की उठणं आपोआप कमी होतं. दोन आठवडे साखर आटोक्यात असूनही उठणं तसंच राहिलं, तर दुसरी कारणं शोधायची. पुरुषांत प्रोस्टेट, बायकांत लघवीचा जंतुसंसर्ग. साखर वाढलेली असताना बायकांना खाली खाज आणि आग होते, रात्री ती जास्त जाणवते, आणि संकोचामुळे महिनोन्‌महिने कोणाला सांगितली जात नाही. तिच्यावरचा इलाज सोपा आहे. डॉक्टरांना सांगायला अवघड वाटत असेल तर नर्सताईंना सांगा, आशाताईंना सांगा, पण सांगा.

औषधांच्या वेळाही बघा. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी कोणी रात्री घेत असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारावं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात; त्या बहुतेकांना सकाळी दिलेल्या असतात, आणि त्या तशाच सकाळी घ्याव्यात. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. दिवसभर बसून किंवा उभं राहून पायांना सूज येत असेल, तर संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवून पडा. पायांत साठलेलं पाणी झोपण्याआधीच निघून जाईल. नाही तर आडवं झाल्यावर तेच मूत्रपिंडांकडे येतं आणि मध्यरात्री उठवतं.

आपल्या मुरुडच्या किनारपट्टीत यात आणखी एक जोखीम आहे. वाडीतल्या जुन्या घरांचं न्हाणीघर आणि संडास मागल्या दारी, अंगणापलीकडे असतो. पावसाळ्यात शेवाळलेली पायरी, गेलेली वीज, आणि ज्याच्या तळव्यांना जाणीव कमी झाली आहे असा साठीचा माणूस अनवाणी बाहेर पडतो. एका पडण्यानं खुबा मोडतो. एका काट्याची जखम महिनाभर भरत नाही. उशाशी विजेरी, पलंगाखाली मागे पट्टा असलेल्या चपला, वाटेवर धरायला कठडा किंवा बांधलेली दोरी, आणि म्हाताऱ्या माणसासाठी खोलीत भांडं. यात लाज काहीच नाही.

घाम कसला आहे ते ओळखा

मुरुडला मे महिन्यात रात्रीचा घाम कोणाला येत नाही? समुद्राची दमट हवा, त्यात पंखा बंद पडलेला. म्हणूनच इथे मधुमेहींनी एक फरक नीट शिकून घ्यायला हवा. उकाड्याचा घाम चिकट आणि गरम असतो, वारा लागला की बरं वाटतं. साखर उतरल्याचा घाम गार असतो, उशी आणि बनियन ओलं करतो, आणि त्याच्याबरोबर छाती धडधडते, हात थरथरतात, भूक लागते, वाईट स्वप्नानं दचकून जाग येते. कधी जागही येत नाही. सकाळी डोकं जड, अंग मोडून आलेलं, आणि घरचे सांगतात की रात्री काहीतरी बरळत होतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलच्या जातीची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम मात्र तरीही येतो. अशा माणसानं घामाची खूण विशेष मानावी.

हा धोका सगळ्यांना सारखा नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याची साखर सहसा अशी कोसळत नाही. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारे, त्यातही वय झालेले आणि मूत्रपिंडं अधू असलेले, यांनी जपायचं. संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं, उशीर झाला, किंवा अर्धवट झालं, की रात्री साखर उतरते. रिकाम्या पोटी दारू किंवा माडी घेतली तरी उतरते, कारण यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. आणि अशा वेळी घरच्यांना वाटतं की प्यायलाय, म्हणून निपचित पडलाय. कोळीवाड्यातल्या आणि वाड्यांतल्या घरांनी हे लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे: मधुमेहाचं औषध घेणारा माणूस पिऊन झोपला असेल, तर त्याला झोपू द्या असं म्हणून दार लोटून घेऊ नका. हलवून जागं करा, साखर तपासा.

साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र नसेल पण खुणा स्पष्ट असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. मग अर्धी भाकरी किंवा दोन घास भात खाऊन झोपावं. पेढा, नारळाची वडी, चॉकलेट यांचा तेव्हा उपयोग नाही, त्यातली चरबी साखर रक्तात पोचायला वेळ लावते. शहाळ्यातही साखर त्या मानानं कमी. व्होग्लिबोज किंवा अकारबोज चालू असेल, तर साधी साखर पचायलाच उशीर होतो. त्यांनी मेडिकलमधून ग्लुकोज पावडर आणून उशाशी ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मुरुडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय सुमारे पन्नास किलोमीटर, तेही किनाऱ्यालगतच्या वळणावळणाच्या रस्त्यानं. म्हणून पहिली दहा मिनिटं घरच्यांच्या हातात आहेत.

सकाळची साखर जास्त येते म्हणून पुष्कळ जण रात्रीचं जेवण सोडतात किंवा गोळी आपल्या मनानं वाढवतात. असं करण्याआधी दोन-तीन रात्री गजर लावून पहाटे तीनला साखर तपासा आणि झोपतानाचा, तीनचा, उठल्यावरचा असे तीन आकडे लिहून ठेवा. पहाटे शरीर स्वतःच काही संप्रेरकं सोडतं आणि साखर चढवतं. तसं असेल तर तीनचा आकडा बरा आणि सकाळचा चढा दिसेल. तीनचाच आकडा खाली असेल, तर औषध वाढवणं हा उलटा उपाय ठरेल.

पाय

अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांना मुंग्या, आग, टोचणी, चादरसुद्धा सोसत नाही. दिवसा कामाच्या गडबडीत हे जाणवत नाही, रात्री दुसरं काही नसतं म्हणून सगळं लक्ष तिथे जातं. हे मधुमेहानं नसांना पोचलेल्या इजेचं दुखणं आहे आणि त्यावर औषधं आहेत. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, यांतलं कुणाला कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण आधी बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं हे जीवनसत्त्व आतड्यांतून नीट शोषलं जात नाही. "आम्ही रोज मासळी खातो, आम्हाला कसली कमतरता," असं इथे हमखास ऐकायला मिळेल. मासळीत बी-१२ भरपूर असतं हे खरं, पण पोटात गेलेलं अंगी लागलं पाहिजे.

आगीऐवजी पाय नुसते हलवत राहावेसे वाटत असतील, हलवले की बरं वाटत असेल, तर ते दुखणं निराळं. त्यात शरीरातलं लोह कमी आहे का, हे पाहतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट करू नका. पायांना शेक देण्यासाठी गरम पाण्याची पिशवी किंवा कढत पाण्याची बादली नको. जाणीव गेलेल्या पायाला भाजल्याचं कळत नाही.

घोरणाऱ्याला गाढ झोप लागते असं नाही

मोठ्यानं घोरणं, मध्येच शांतता, मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा श्वास. सकाळी तोंड कोरडं, डोकं दुखतं, आणि दुपारी एसटीत बसल्या बसल्या डोळा लागतो. झोपेत घशाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर उठवतो, आणि हे रात्रीत कित्येकदा होतं. आठ तास झोपूनही शीण जात नाही तो यामुळे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पस्तीस ते पासष्ट वयाच्या मुंबईकर पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांत झोपेत श्वास अडण्याचा दोष आढळला, आणि ७.५ टक्क्यांत दिवसाची गुंगी धरून पुरा आजार. मधुमेह आणि सुटलेलं पोट असलेल्यांत तो याहून जास्त असतो.

"मी काही जाडा नाही," हे उत्तर आपल्याकडे पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. दोघांचं वजन उंचीच्या मानानं अगदी सारखं, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, ही आपली ठेवण आहे. त्यामुळे काट्यावरच्या आकड्यापेक्षा कमरेचा आणि गळ्याचा घेर बघा, आणि घरच्यांनी सांगितलेलं घोरणं मनावर घ्या.

झोपेत श्वास अडतो का, याची तपासणी आता घरी यंत्र लावूनही होते. नवी मुंबईत, मुंबईत तिची सोय आहे. दोष मोठा निघाला तर रात्री नाकावर हवेचा दाब देणारं मशीन लावावं लागतं. पहिले काही आठवडे ते नकोसं वाटतं. मास्क मापाचा नसला तर बदलून मागा, पण कपाटात टाकून देऊ नका. कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं, वजन उतरवणं याचाही चांगला फरक पडतो. ज्याला हा आजार आहे आणि जो अलिबाग-मुरुड रस्त्यावर गाडी चालवतो, त्यानं इलाज होईपर्यंत रात्रीचं चालवणं टाळावं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक

झोपेच्या बहुतेक सल्ल्यांत पहिली ओळ असते: रोज ठरावीक वेळी झोपा. मुरुडजवळच्या राजपुरीच्या, एकदऱ्याच्या खलाशाला हे सांगून काय उपयोग? भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, होडी तिच्या तालावर निघते. या आठवड्यात मध्यरात्री, पुढच्यात पहाटे, कधी दोन-तीन दिवस बाहेरच. जून-जुलैची मासेमारी बंदी आली की एकदम सगळे दिवस घरी, जेवणं जड, हालचाल कमी, दुपारी तीन-तीन तास झोप, आणि मग रात्री डोळा लागत नाही.

अशा माणसानं औषध "सकाळ-संध्याकाळ" असं लिहून घेण्यापेक्षा, आपल्या कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगून जेवणाशी आणि झोपेशी बांधून घ्यावं. समुद्रावर जायच्या दिवसाचा एक बेत आणि घरच्या दिवसाचा दुसरा. बंदी सुरू होताना आणि उठताना औषधाचा हिशेब पुन्हा करून घ्यावा, कारण जाळी ओढायला लागलं की तीच मात्रा साखर खाली नेऊ शकते. होडीवर डब्याबरोबर ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं न्यावीत, आणि आपल्याला मधुमेह आहे हे तांडेलाला माहीत असू द्यावं. सहा-सात तास सलग मिळणार नसतील तर चार तासांची एक मोठी झोप आणि परत आल्यावर दोन तासांची दुसरी, असं जोडून घ्यावं. दिवसा झोपताना खिडकीला जाड चादर लावून खोली काळोखी करावी. आल्या आल्या मासळीच्या हिशेबात बसून चार कप चहा घेतला, तर ती झोप गेलीच.

घरगुती खाणावळी आणि राहण्याच्या खोल्या चालवणाऱ्या बायकांची तऱ्हा याच्याशी मिळतीजुळती. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या थाळ्या वाढता वाढता रात्रीचे बारा वाजतात, स्वतःचं जेवण शेवटी, उरलेल्या भात-आमटीवर. संध्याकाळची गोळी मात्र आठला घेतलेली. त्या दिवशी तरी पहिली भाकरी स्वतःसाठी बाजूला काढा आणि गोळीच्या वेळी खा. पाहुणे दहा मिनिटं थांबतील.

मुरुडमध्ये रोजे धरणारी घरं पुष्कळ आहेत. सहेरीसाठी उठण्यानं झोप दोन तुकड्यांत होते, जेवणाच्या वेळा उलटतात. मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून औषधं बसवून घ्यावीत. रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. बोट टोचून तपासल्यानं रोजा मोडत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे.

ज्यांच्या वेळा आपल्या हातात आहेत त्यांनी मात्र उठण्याची वेळ पक्की करावी. झोपण्याची हळूहळू तिच्यामागे येते. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाची, तीनच्या आत. चहा चारनंतर नको. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, आणि जेवणानंतर अंगणात किंवा रस्त्यावर पंधरा मिनिटांची चाल, तिनं साखरही उतरते. वीस मिनिटं पडूनही डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात बसा, फोन न घेता, आणि झोप आली की परत या.

काही जणांना जागवते ती काळजी: मुलगा मुंबईला, तपासण्यांचा खर्च, पायाची न भरणारी जखम, भाऊ डायलिसिसवर गेला तसं आपलं होईल का. पहाटे लवकर जाग येऊन मन उदास राहणं, आवडीची गोष्ट नकोशी होणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तोही आजारच आहे आणि तो बरा होतो. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी, फुकट, मराठीत बोलता येतं.

आता झोपेच्या गोळ्यांबद्दल. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची किंवा मेडिकलवाल्याकडून मागून आणलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम घेऊ नका. श्वास अडणाऱ्याचा श्वास ती आणखी अडवते, साखर उतरलेल्याला जागं होऊ देत नाही, आणि रात्री लघवीला उठणाऱ्याला अंधारात पाडते. पण अशी गोळी काही महिने रोज चालू असेल, तर हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंदही करू नका. अचानक थांबवल्यानं जागरण दुप्पट होतं, हातपाय कापतात, क्वचित झटके येतात. गोळीची पट्टी आणि आपली वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ती थोडी थोडी कशी उतरवायची ते लिहून घ्या.